‘पेशी ढोसण्याचे पैसे कोण देतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना इंजिनिअर’ या नावाने तुम्ही मागच्या लेखावर दिलेल्या प्रतिक्रियेला चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बायोमेकॅनिक्स (शरीराचं यंत्रशास्त्र) आणि मेकॅनोबायॉलॉजीत (पेशी जोर कसा लावतात आणि ओळखतात त्याचा अभ्यास) संशोधनाच्या चांगल्या संधी आहेत असं सांगून मी मुलांची दिशाभूल करतोय, प्राध्यापकांच्या जागा मोजक्या आहेत, युरोपातल्या फेलोशिपच्या अटी मी दिल्या नाहीत. आणि शेवटी, ‘पेशीला सुईनं ढोसून बघण्याचे पैसे कोण देतं? लष्कराच्या भाकऱ्या आहेत या.’

मतभेदाला माझी ना नाही, हेटाळणीला आहे. तुमचं हे वाक्य वाचणाऱ्यांत याच विषयात पीएचडी करणारी मुलं आहेत. सुट्टीच्या दिवशीही पेशींचं माध्यम, म्हणजे त्यांना पोसणारा द्रव, बदलायला प्रयोगशाळेत जाणारी मुलं. माझ्यावर राग काढायचा तर खुशाल काढा, त्यांच्या कष्टांना नावं ठेवण्याचं कारण नव्हतं.

एक गोष्ट मान्य करतो. युरोपीय संघाच्या पैशांतून चालणाऱ्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या पीएचडीच्या जागेसाठी, ज्या देशात जायचं तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. ही अट लेखात यायला हवी होती. आता घातली आहे.

आता ढोसण्याबद्दल. अमेरिकेतल्या स्क्रिप्स रिसर्च या संस्थेत बर्ट्रांड कॉस्ट आणि आर्डेम पटापुटियन यांनी नेमकं हेच केलं. उंदराच्या पेशींना काचेच्या बारीक पिपेटनं ढोसायचं आणि विजेचा प्रवाह वाहतो का ते मोजायचं. दाब ओळखण्याचं काम ज्यांच्यावर अवलंबून असेल अशी संशयित जनुकं होती 72. एक जनुक बंद करायचं, ढोसायचं, प्रवाह आहेच; मग पुढचं जनुक. यादीतल्या अगदी शेवटच्या जनुकाला प्रवाह थांबला. 2010 साली पिएझो1 आणि पिएझो2 ही दाब ओळखणारी प्रथिनं जगापुढे आली, आणि 2021 साली पटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत वैद्यकाचं नोबेल मिळालं. पिएझो2 निकामी असलेल्या माणसाला डोळे मिटल्यावर आपले हातपाय कुठे आहेत ते कळत नाही, धड चालता येत नाही. शरीराबद्दलचं इतकं मूलभूत ज्ञान त्या ढोसण्यातून आलं, साहेब.

पैसे देणारेही आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात 2009 पासून मेकॅनोबायॉलॉजीची स्वतंत्र संस्था आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशांतून 2016 साली पेनसिल्व्हेनिया आणि सेंट लुइसचं वॉशिंग्टन या विद्यापीठांना जोडणारं केंद्र उभं राहिलं. या संस्था काही हौसेखातर काढलेल्या नाहीत.

मी स्वतः मेकॅनिकलचा. पंपांच्या शाफ्टच्या कंपनांची गणितं सोडून या विषयात आलो, तेव्हा ‘ढोसणं’ म्हणजे काय ते हातानं केल्यावरच कळलं. पॉलीअ‍ॅक्रिलामाइडचं जेल दोन काचांमध्ये ओतायचं, वरची काच टेकवताना बुडबुडा राहिला की ते फेकून द्यायचं. चांगल्या जेलमध्ये चमकणारे सूक्ष्म मणी असतात. पेशी जेलला खेचते, तसे मणी सरकतात. ट्रिप्सिन (पेशीची पकड सोडवणारं विकर) घालून पेशी सोडवली की मणी जागेवर परततात. दोन फोटोंतला फरक आणि जेलचा ताठपणा, एवढ्यावरून पेशीनं किती जोर लावला ते काढता येतं. याच्या मुळाशी आपलीच स्थितिस्थापकता आहे. आणि ताठपणाला किती महत्त्व? एंगलर, डिशर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवलं की मेंदूइतक्या मऊ, सुमारे 1 किलोपास्कलच्या (ताठपणा मोजायचं एकक) जेलवर स्टेम पेशी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, चेतापेशींच्या वाटेनं जातात आणि 25 ते 40 किलोपास्कलवर हाडाच्या. माध्यम तेच, बदलला तो फक्त ताठपणा! हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना ते गणित माझ्याकडून हवं होतं, आणि पेशी जिवंत ठेवणं मी त्यांच्याकडून शिकलो. तुम्ही असा विषय बदलून पाहिला आहे का कधी? नसेल, तर ‘दिशाभूल’ हा आरोप जरा जपून करावा.

प्राध्यापकांच्या जागा मोजक्या आहेत, खरं आहे, पण त्या कुठल्या विषयात मुबलक आहेत? कृत्रिम खुबा फार ताठ असला की भार तोच पेलतो आणि भोवतालचं हाड झिजतं, हे हिशेब करणारी माणसं सांधे आणि स्टेंट बनवणाऱ्या कंपन्यांनाही लागतात. यावर मी याहून जास्त बोलणार नाही.

तुमच्या प्रतिक्रियेखाली मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीनं विचारलंय, ‘मग मी अर्ज करू की नको?’ तिला सांगतो: कर. ओपनसिम आणि फेबायो ही शरीराच्या हालचालींची आणि ताणांची गणितं करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यातलं एक उतरवून घे आणि छापून आलेला एखादा निष्कर्ष स्वतः काढून बघ. सरसकट सगळ्यांना एकच ईमेल धाडू नकोस. एका गटाचा एक पेपर नीट वाच आणि त्यात अडलेलं विचार. होकार देण्याआधी तिथल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोल, आधीचे किती वर्षांत बाहेर पडले आणि कुठे गेले ते त्यांच्याकडून कळेल. पेशीसंवर्धन तुला कोण शिकवणार हेही तेव्हाच विचारून घे.