आता उघडलंच आहे तर...

मोटारीच्या इंजिनात वॉटर पंप नावाचा एक भाग असतो. तळहातावर मावेल एवढा. एक पुली, एक बेअरिंग, एक सील आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ढकलणारं इम्पेलर नावाचं चिमुकलं चक्र, की संपला कारभार. इंजिनातलं तापलेलं कूलंट रेडिएटरकडे ढकलायचं, तिथून निवून आलेलं पुन्हा इंजिनात फिरवायचं, एवढंच त्याचं काम. हे काम नीट चालू असेतो गाडीला असा काही पंप आहे, हे मालकाच्या गावीही नसतं.

आमच्या पंपाने ते मला कळवायला मे महिन्याची भर दुपार निवडली, आणि जागा खंबाटकी घाट. सासू-सासरे मागच्या सीटवर, साताऱ्याला लग्नाला निघालेले. सासरेबुवा कडक इस्त्रीच्या सफारीत. निम्म्या घाटात टेम्परेचरचा काटा उठला आणि लाल रेघेकडे चालू लागला. मागे ट्रक, पुढे ट्रक, थांबायला जागा नाही. अशा वेळी एसी बंद करून हीटर फुल सोडायचा असतो. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागे लपवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत, म्हणजे माणसांवर काढतो. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष उपाय. पण तो मे महिन्यात, सासुरवाडीच्या माणसांवर करायचा म्हणजे कठीण.

थोड्या वेळाने मागून अतिशय सभ्य आवाज आला, “जावईबापू, जरा उकडतंय, नाही?”

“इंजिनाला बरं वाटावं म्हणून,” मी म्हणालो.

“बरं, बरं,” असं म्हणून त्यांनी सफारीचं वरचं बटण काढलं. हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इतकी थंड होती, की कूलंट तापल्यावर उघडणारा थर्मोस्टॅट त्या नजरेपुढे कधीच उघडला नसता.

घाटमाथ्यावर गाडी थांबताच सासरे बिसलेरीची बाटली घेऊन बॉनेटपाशी हजर. “झाकण काढा, पाणी ओता. आमच्या जीपला आम्ही हेच करायचो.” त्यांना आवरणं हे त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम. झाकण बंद असताना आत दाब असतो, म्हणून कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. हे सासऱ्यांना आदर राखून सांगेपर्यंत इंजिन अर्धं निवलं होतं.

पुण्यात परतल्यावर गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली वाकून बॅटरी मारली आणि नातेवाइकाची प्रकृती सांगावी तसं सांगितलं, “पंप रडतोय.” पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, कारखान्यातून मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून ठिबकायला लागतं, म्हणजे बेअरिंगची पुरती वाट लागण्याआधी मालकाला इशारा मिळावा. आमच्या भोकाखाली वाळलेल्या गुलाबी कूलंटचा जाड थर साचला होता. पंप बिचारा महिनोन् महिने इशारे देत होता, आणि ते पाहायला खाली झोपतंय कोण?

“पंप बदलायला किती वेळ लागेल?”

“पंपाला काय, दहा मिनिटं,” मिस्त्री म्हणाले. “पंपापर्यंत पोचायला दिवस जाईल.”

आमच्या गाडीत हा पंप टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या मागे बसवलाय. म्हणजे इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावा, एका बाजूचं माउंटिंग सोडा, कव्हर काढा, बेल्ट उतरवा, मग पंपाचं दर्शन. एवढं सगळं खोलून झाल्यावर मिस्त्रींनी कापडाला हात पुसले, आणि ज्या वाक्याने मध्यमवर्गीयाचं बजेट कोसळतं ते वाक्य उच्चारलं, “साहेब, आता उघडलंच आहे तर...”

आता उघडलंच आहे तर बेल्ट नवा टाकू. बेल्ट नवा टाकतोय तर तो ताणून धरणारा टेन्शनर जुना कशाला? टेन्शनर बदलतोय तर बेल्टला वळण देणाऱ्या आयडलरने काय घोडं मारलंय? सील बाहेर आलंच आहे, थर्मोस्टॅट समोरच आहे, होज फुगलाय. आमच्या घरी गळका नळ बदलता बदलता स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला होता, तो याच वाक्याने. आणि खरा त्रास हा, की मिस्त्रींचं म्हणणं बरोबर असतं. जुना बेल्ट पुढे तुटला तर आमच्यासारख्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीचा खर्च ऐकून माणूस बेल्टला मुकाट्याने हो म्हणतो.

जुना पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, “पेट्रोल का डिझेल? मॉडेल? साल?” मग पंप हातात घेऊन अंगठ्याने पुली फिरवली, कानाशी धरली, डोळे मिटले. आत वाळू चावल्यासारखी खरखर. “गेलाय,” ते म्हणाले. “कुठला देऊ?”

“चांगला द्या.”

“आमच्याकडे सगळे चांगलेच असतात. ओरिजिनल, का लोकल? लोखंडी पंखा, का प्लॅस्टिकचा?”

मी ओरिजिनल घेतला. जुन्या पंपातलं कूलंट एव्हाना पिशवीतून माझ्या पॅन्टवर उतरलं होतं.

पंप खरोखरच दहा मिनिटांत बसला. बारक्या सवयीने सिलिकॉनची ट्यूब घेऊन धावला, तर मिस्त्री कडाडले, “ओ-रिंग दिलीय ना? मग तुझं मलम कशाला?” (बारक्याचं लग्न होऊन त्याला मुलगी झालीय. गॅरेजमध्ये बढती मिळते, नाव बदलत नाही.) मग बेल्ट चढला, पुल्यांवरच्या खुणा जुळल्या. स्टार्टर मारण्याआधी मिस्त्रींनी पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे अडतंय का, खुणा पुन्हा जागेवर येतात का, ते पाहायला. त्या दोन फेऱ्यांत शेजारच्या टपरीवरचा रेडिओही कोणीतरी बंद केला.

शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं. आत हवा अडकली तर नवा पंपही काही करू शकत नाही, म्हणून ती काढावी लागते. त्यासाठी इंजिन चालू ठेवायचं आणि... “आत बसा साहेब, हीटर फुल लावा.” रेडिएटरचा फॅन आपोआप फिरेपर्यंत मी काचा वर करून बसलो होतो. काचा का वर, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बिलात पंप सातव्या ओळीवर होता. वरच्या सहाही ओळी ‘उघडलंच आहे तर’च्या.

दोन चौक गेलो नाही तर बॉनेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज. वळून परत.

“हा आधीपासूनचाच,” मिस्त्री म्हणाले. “पंपाच्या खरखरीत ऐकू येत नव्हता. अल्टरनेटरचं बेअरिंग.”

“अहो, मग उघडलं होतं तेव्हाच सांगायचं ना!”

“तेव्हा इंजिन बंद होतं साहेब, आवाज कुठून येणार? आणा परत सवडीने. फक्त गुरुवारी नको, गुरुवारी लाइट नसते.”