म्हातारपणाचा आरोग्य विमा: एकही पान न वाचता निवडायची रीत

साठी उलटली, निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ घरी आलं की पुढचं काम एकच: आरोग्य विमा. पेन्शन किती, असं कुणी विचारलं तर विषय बदला. आमच्या मोठ्या भावासारखे तुम्हीही एसटीतून निवृत्त झाला असाल आणि पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली असेल, तर पेन्शनचा आकडा आणि हप्त्याचा आकडा एका कागदावर लिहूच नका. बीपी वाढतो. नुकतंच वहिनींच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या निमित्ताने नागपूरच्या एका दवाखान्यात टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेमचं काम बघणाऱ्या संस्थेच्या, काउंटरपुढे ताटकळायचा योग आला. तिथे मिळालेलं ज्ञान आर्णीपासून उमरखेडपर्यंतच्या समस्त ज्येष्ठांच्या कामी यावं, एवढाच या लेखाचा हेतू.

सर्वांत आधी एजंट नात्यातला बघा. परका माणूस दहा प्रश्न विचारतो. नात्यातला विचारत नाही, तोच उत्तरं देतो. आमचे भाचेजावई चहाची बशी बाजूला सारून मोबाइलवर खटाखट टिचक्या मारत होते. बीपी? नाही. शुगर? नाही. दादा म्हणाले, "अरे, मी रोज सकाळी गोळी खाऊन राहिलो ना बापा!" तर जावई म्हणाले, "काही होत नाही जी मामाजी, लिहिलं तं हप्ता वाढते."

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? आधीपासूनच्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. म्हणजे तीन वर्षांनी बीपीचं दुखणंही विम्यात आलं असतं. पण असला सरळ मार्ग कशाला धरायचा? लपवा. मग पहिले ६० महिने "माहिती दडवली" म्हणून क्लेम फेटाळायची सोय कंपनीच्या हातात राहते. तिचंही पोट आहे.

पॉलिसी निवडायचं काम पुण्यातल्या मुलाकडे द्या. तो मीटिंग चालू असतानाच निवडतो.

त्याच्या कंपनीच्या विम्यात तुमचं नाव असेल तर मग विचारायलाच नको. त्याची नोकरी आहे तोवर तुम्हीही ठणठणीत राहणार.

पॉलिसीचं पुस्तक कुरिअरने आलं की प्लास्टिकसकट कपाटात ठेवा, लुगड्यांच्या खाली. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते म्हणतात. आमच्याकडे ते ३० दिवस नेमके सोयाबीन काढणीत आले. पावसाचा भरवसा नाही, मजूर मिळत नाही, थ्रेशरवाला फोन उचलत नाही. अशात कोण इंग्रजी पुस्तक उघडतो? कंपनीचा मुहूर्त चांगला असतो.

कंपनीशी करार असलेल्या दवाखान्यांची यादी बघताना फक्त आकडा बघा. देशभरात हजारो दवाखाने! मुंबईत इतके, बंगळुरूत तितके. त्यातला तुमच्या तालुक्यात कोणता, रात्री दोनला छातीत कळ आली तर गाडी कुठे न्यायची, हे असले गावंढळ प्रश्न विचारून जावयाचा अपमान करू नका. वहिनी अंगणात पडल्या तेव्हा कळलं की आमच्या आसपास यादीतला एकही दवाखाना नाही. मग नागपूर. सुमोत मागच्या सीटवर आडवं निजवून, खड्ड्याखड्ड्याला त्यांचं "अगं माय" ऐकत. पुढे बसलेल्या माणसाने तेवढ्या वेळात यादीतल्या बंगळुरूच्या दवाखान्यांची नावं पाठ करावीत.

आता खोलीभाडं. हा मुद्दा मात्र शांत चित्ताने वाचा. मीही शांतपणेच लिहिणार आहे.

पॉलिसी ३ लाखांची. तिच्यात एका ओळीत लिहिलेलं असतं: खोलीभाडं रोज विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंत. म्हणजे ३,००० रुपये. दवाखान्यात त्या दराची खोली शिल्लक नाही, ६,००० ची आहे. पेशंट कण्हतो आहे, तुम्ही म्हणता, द्या बुवा ती, वरचे तीन हजार आम्ही भरू. तुमच्या आमच्या हिशोबात फरक फक्त खोलीच्या भाड्याचा पडायला हवा, नाही का? नाही! तुम्ही दुप्पट भाड्याची खोली घेतली ना, मग डॉक्टरची फी अर्धी, भूलतज्ज्ञाची फी अर्धी, ऑपरेशन थिएटरचं भाडं अर्धं, नर्सिंग अर्धं. माणूस तोच, हाड तेच, टेबल तेच.

आकडे मांडून दाखवतो, म्हणजे तुमची खात्री पटेल. समजा एकूण बिल २,४०,००० चं. त्यात सहा दिवसांचं खोलीभाडं ३६,०००. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून १,१४,०००. औषधं, तपासण्या आणि खुब्यात बसवलेलं साहित्य ९०,०००. आता कात्री: खोलीचे १८,००० मंजूर, १,१४,००० चे ५७,००० मंजूर. ९०,००० ला मात्र हात लावता येत नाही. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही प्रमाणशीर कपात करायची नाही, असं नियामकाने २०२० मध्येच सांगून ठेवलं आहे. आयसीयूच्या भाड्यालाही ती लावायची नाही. दवाखाना खोलीप्रमाणे दर बदलत नसेल तर डॉक्टरच्या फीलाही नाही. झाले १,६५,०००. वर ज्येष्ठ नागरिक म्हणून २० टक्के को-पे, म्हणजे तुमचा वाटा ३३,०००. हाती १,३२,०००. हातमोजे आणि असल्या किरकोळ चिजा कापल्या त्या वेगळ्याच. नियमाप्रमाणे सगळं चोख झालं तरी तुमच्या खिशातून लाखाच्या वर जातात, आणि पॉलिसी ३ लाखांची आहे! वहिनींच्या हिशोबात तर औषधांनाही कात्री लागली होती. काउंटरवरच्या पोराला मी म्हटलं, बाबू, औषधं कशी कापली? तो म्हणाला, "सिस्टीममध्ये तसंच येऊन राहिलं काका." सिस्टीम! एक लाख रुपये म्हणजे किती क्विंटल कापूस होतो रे, तुझ्या त्या सिस्टीमला विचार! वेचायला माणूस लागतो, किलोमागे मजुरी लागते, आणि इथे एक बटन दाबलं की...

असो. शांत चित्ताने.

दवाखान्यातून सुटका होण्याच्या दिवशी डबा घेऊन जा. दाखल करताना कॅशलेसला, म्हणजे बिल कंपनीनेच परस्पर दवाखान्याला भरायला, एका तासात होकार-नकार द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असं कंपन्यांना २०२४ च्या परिपत्रकात बजावलं आहे. उशीर झाला आणि दवाखान्याने त्यापायी जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. परिपत्रक फार सुंदर आहे. आम्ही सकाळी दहाला "डिस्चार्ज झाला" हे ऐकलं आणि दिवेलागणीला लिफ्टमध्ये शिरलो. खाली सुमोवाला वेटिंगचे पैसे मोजत होता. त्याच्याकडे मात्र सिस्टीम नव्हती, बोटंच होती.

आणि सरकारी योजनेच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. इज्जत जाते. सत्तरी ओलांडली असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून निघतं आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, हप्ता शून्य. दादा सत्तरीच्या पुढचे आहेत, कार्ड अजून नाही, कारण पुण्याहून आदेश, "बाबा, त्या लाइनीत कायले उभे राहता, आपली पॉलिसी आहे ना." वहिनी सत्तरीच्या आतल्या, पण महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांसाठी आहे, तीही ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात पेशंटला मदत करायला आरोग्यमित्र बसलेला असतो. हे ऑपरेशन बसतं का, एवढं त्याला विचारायला पाच मिनिटं लागली असती. पण चिरंजीवांनी फोनवर सांगितलं, तिथे नको, प्रायव्हेटला न्या, कॅशलेस आहे. कॅशलेस!

बास झालं आता हे सोंग.

अरे, आईबापांचा विमा काढता की वाढदिवसाला घड्याळ पाठवता? स्क्रीनवर सर्वांत कमी हप्ता दिसला, पैसे भरले, स्टेटस ठेवलं, झालं कर्तव्य? खोलीभाड्याची मर्यादा आहे का, को-पे किती, मोतीबिंदूला किती मिळणार, आणि गावापासून सर्वांत जवळचा यादीतला दवाखाना कोणता: चारच गोष्टी होत्या. त्या दवाखान्याला फोन करून "ही कंपनी खरंच चालते का तुमच्याकडे" एवढं विचारायचं होतं. आणि जावईबापू, तुम्ही कमिशन घ्या, आमची ना नाही, पण म्हाताऱ्याच्या तोंडचं "आहे" खोडून "नाही" लिहायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? उद्या क्लेम फेटाळला तर त्या "नाही" वर सही दादांचीच सापडणार, तुमची नाही.

कंपन्यांना काय बोलावं! पॉलिसीचा सारांश ग्राहकाने मागितला तर त्याच्या भाषेत द्यावा, असा नियम आहे. जाहिरात अस्सल मराठीत करता, आजी-आजोबा हसताना दाखवता, आणि कपातीचं पत्र तेवढं इंग्रजीत? साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाला विचारा, असं जानेवारी २०२५ मध्ये सांगावं लागलं, यातच सगळं आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तर नूतनीकरणाच्या पावतीवर तो खरंच उतरलेला दिसू द्या.

आणि तुम्ही वाचणारे, माना डोलवू नका. उठा, कपाट उघडा, लुगड्यांखालचं ते पुस्तक काढा, प्लास्टिक फाडा. इंग्रजी कळत नसेल तर गावातल्या शाळेचे मास्तर आहेत, कॉलेजात जाणारी पोरं आहेत. बीपी-शुगर लिहिलेली नसेल तर आत्ताच कंपनीला लेखी कळवा. क्लेममध्ये चुकीचं कापलं असेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही.

दादांची तक्रार मी स्पीड पोस्टाने टाकली आहे. औषधांचे कापलेले पैसे आधी परत हवेत, बाकीचं नंतर बोलू. भाचेजावयांचा परवा फोन आला होता, नूतनीकरणाची तारीख जवळ आली म्हणून. त्यांना म्हटलं, या. चहा मिळेल. फॉर्म मात्र दादा स्वतः भरतील.