पाणी आलं!

डोंबिवलीत आमच्याकडे पहाटे पाचला पाणी यायचं. "पाणी आलं!" अशी आईची हाळी आली की मी डोळे न उघडताच उठायचे आणि पिंप, हंडा, कळशी, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायचे. लग्न होऊन नॉर्वेला, बर्गनला आले. इथेही पहाटे "पाणी आलं!" अशी हाळी येते. ती नवरा नॉर्वेजियनमध्ये देतो, आणि पाणी भरायचं नसतं, उपसायचं असतं.

आम्ही दोघं आणि दोन मुलं 1934 सालच्या लाकडी शिडाच्या बोटीत राहतो. आमच्या डोंबिवलीच्या वन रूम किचनपेक्षाही जागा कमी, आणि तिथे निदान ताठ उभं राहता यायचं. बोट कोलिन आर्चर या नॉर्वेच्या जहाज बांधणाऱ्याच्या धाटणीची, दोन्ही टोकांना निमुळती. ध्रुवाकडे मोहीम काढणाऱ्या नान्सेनचं 'फ्राम' जहाज याच आर्चरने बांधलं आणि 1892 साली ते पाण्यात उतरलं, हे नवरा प्रत्येक पाहुण्याला सांगतो. 'फ्राम' आता ऑस्लोच्या संग्रहालयात, कोरड्या जागी आहे, हे मी सांगते.

बर्गनला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाकडी बोटीला समुद्राची भीती नसते म्हणे. खारं पाणी लाकूड टिकवतं, पावसाचं गोडं पाणी कुजवतं. म्हणून माझा नवरा भर पावसात समुद्राच्या बादल्या ओढून डेक धुतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासरच्यांनी काहीतरी लपवलं असं वाटलं होतं. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी इथली म्हण ऐकवली: हवा वाईट नसतेच, कपडे वाईट असतात. बरोबर आहे. आमचे सगळे कपडे ओलेच असतात.

गळतीचा तर पत्ताच लागत नाही. पाणी शिरतं डोलकाठीपाशी, तुळईवरून सरपटत जातं आणि टपकतं माझ्या उशीवर. आईने कौतुकाने दिलेल्या मिसळणाच्या डब्यातल्या सातही वाट्या सध्या छताखाली कामावर आहेत. हळद-तिखट प्लॅस्टिकच्या पिशवीत. पापड? आमच्याकडे पापडाची घडी घालता येते.

पण खरा सोहळा मे महिन्यात. बोट रंगाला आणि डांबराला काठावर काढतात. दोन-तीन आठवडे वारा लागला की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. मग ती परत पाण्यात सोडायची, आणि बिरड्याचे वाल फुगतात तशा फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत वाट बघायची. वाल रात्रभरात फुगतात. ही बाई तीन दिवस घेते. मागच्या वर्षी पहिल्या संध्याकाळी विजेच्या पंपाने मान टाकली. मुलं सासूबाईंकडे धाडली. नवरा हातपंपावर, मी बादलीवर. दर तासाला तो फळीवर तळवा टेकवून "फुगतेय" म्हणायचा, अगदी बाळंतघराबाहेरच्या आजोबांसारखा. मध्यरात्री चहा करायला गेले तर टाकीतलं प्यायचं पाणी संपलेलं. पायाखाली घोटाभर पाणी, आणि मी कॅन घेऊन धक्क्यावरच्या नळाकडे!

तेवढ्यात आईचा फोन. तिकडे पहाट झालेली.

"पाणी आलं का गं तुमच्याकडे?"

"भरपूर."

"नशीबवान आहेस बाई. आमच्याकडे कालपासून ठणठणाट."

डिसेंबरात माहेरी गेले होते. पहिल्याच पहाटे कानावर आलं, "पाणी आलं!" मी अंधारात उठले, बादली घेतली आणि सपासप कामाला लागले. अर्धं पिंप मोरीत ओतून झाल्यावर आईने माझा हात धरला.