दोन्ही ठिकाणी 1.28 कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेखात नॉर्मल, म्हणजे घंटेसारख्या, वक्राच्या उजव्या टोकाला 10 टक्के क्षेत्रफळ उरावं म्हणून मी झेड (मध्यापासूनचं अंतर प्रमाण विचलनांत, म्हणजे पसरण्याच्या मापात, मोजलेलं) 1.28 सांगितलं, आणि मधले 80 टक्के हवेत तिथेही 1.28च. तुम्ही झेडच्या तक्त्यात 0.10 शोधलंत तेव्हा −1.28 आलं, 0.80 शोधलंत तेव्हा 0.84. म्हणून माझी दोन्ही उत्तरं चूक, आणि मोबाइल हातात असताना तक्ता शिकवायचा कशाला, असं तुमचं म्हणणं.

उत्तरं बरोबर आहेत. लेखात मात्र एक गोष्ट राहिली, आणि ती माझी चूक: हा तक्ता झेडच्या डावीकडचं क्षेत्रफळ देतो, हे मी लिहिलंच नाही. वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ 1, म्हणून उजवीकडे 0.10 उरायचे तर डावीकडे 0.90 हवेत. 1.28 समोर 0.8997 आहे, 1.29 समोर 0.9015. पहिलं जवळचं.

चिन्ह चुकलं तर काय होतं ते बघा. समजा, मुलुंडच्या घरापासून फोर्टातल्या ऑफिसपर्यंत सरासरी 70 मिनिटं लागतात, प्रमाण विचलन 10 मिनिटं, आणि वेळा नॉर्मल वक्रानुसार पसरतात. दहातल्या एकाच दिवशी उशीर चालणार असेल तर 70 + 12.8 (1.28 × 10), म्हणजे साधारण 83 मिनिटं आधी निघायला हवं. −1.28 घेतलंत तर 57 मिनिटं येतात. सरासरीपेक्षाही कमी! दहातले नऊ दिवस लेटमार्क लागेल.

आता मधले 80 टक्के. बाहेर 20 उरतात, पण ते दोन शेपट्यांत वाटले जातात, प्रत्येकीत 10. म्हणजे उजवी शेपटी पहिल्या प्रश्नातलीच, म्हणून 1.28 पुन्हा आलं. तुमचं 0.84 घेतलं तर −0.84 ते 0.84 मध्ये जेमतेम 60 टक्के बसतात, पडताळून बघा.

मोबाइलचं म्हणाल तर जरूर वापरा, मीही वापरतो. पण एक्सेलचं नॉर्म.एस.इन्व्ह हे सूत्रही डावीकडचंच क्षेत्रफळ मागतं. 0.10 दिलेत तर तेही मुकाट्याने −1.28 देईल. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी घंटेसारखा वक्र काढून हवा तो भाग पेन्सिलीने रंगवायला लावतो, तक्ता नंतर.

तुमच्या पुस्तकातला तक्ता शून्यापासूनचं क्षेत्रफळ देत असेल तर डाव्या अर्ध्या भागाचे 0.50 वगळून 0.90 ऐवजी 0.40 शोधा, 1.28 समोर 0.3997 दिसेल. रंगवलेल्या दोन्ही आकृत्या आज रात्री लेखात घालतो.