क्ले बॉल्स फेकू नका, आणि ‘ब्लीच अधिक व्हिनेगर’ तर मुळीच करू नका

गच्चीवर हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर झाडं वाढवणं) करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्ले बॉल्स (रोपांच्या मुळांना आधार म्हणून मातीऐवजी भरायचे भाजलेल्या मातीचे गोळे) एकाच पिकापुरते, त्यांच्या छिद्रांत शिरलेले रोगजंतू कधीच जात नाहीत, वरचा पांढरा थर म्हणजे बुरशी, पाण्यावर तरंगणारे गोळे बाद, आणि तरीही वापरायचेच असतील तर ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून रात्रभर भिजवा.

आधी शेवटचं घेतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे जातील. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, टॉयलेट क्लीनर, काहीही आम्लधर्मी पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये बादलीवर वाकून गोळे चोळत बसलेल्या माणसाच्या तो थेट छातीत जातो. दोन्ही वापरा हवं तर, पण वेगवेगळ्या दिवशी, आणि मध्ये गोळे भरपूर पाण्याने धुऊन.

पांढरा थर बुरशीचा? बुरशी कापसासारखी मऊ असते, हा थर नखाला खरखरीत लागतो. व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघा. फसफसला तर तो चुना, बोअरच्या पाण्यावर हमखास येणारा. साध्या पाण्यात विरघळला तर खतातले क्षार. नेट पॉटमध्ये, म्हणजे रोपाच्या जाळीदार कुंडीत, तो वरच्याच गोळ्यांवर का दिसतो? पाणी खालून वर चढतं, उडून जातं आणि क्षार तिथेच सोडतं. चुन्याला पातळ व्हिनेगर, क्षारांना साधं पाणी. गोळे एक दिवस भिजवा, पाणी बदला, पुन्हा भिजवा. त्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) नळाच्या पाण्याच्या जवळपास आलं की झालं.

छिद्रांची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. ही माती साधारण 1200 अंशांना फिरत्या भट्टीत फुगवलेली असते. बाहेर कडक कवच, आत जाळी. बारीक मुळं तिथे अडकतात. आणि ब्लीचचा जोर मेलेल्या मुळांवर, शेवाळावरच खर्च होतो, रोगजंतूंपर्यंत पोचेतो त्यात काही उरत नाही. लोक नेमकं इथेच चुकतात आणि मग म्हणतात, ब्लीचने काही झालं नाही. म्हणून मुळं आधी काढायची. मी गोळे उन्हात कडकडीत वाळवतो, सुपात पाखडतो (सुकलेली मुळं दोऱ्यासारखी उडून जातात) आणि मग कांद्याच्या जाळीदार गोणीत भरून नळाखाली घोळवतो. त्यानंतर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, अर्धा तास. मग वास जाईपर्यंत धुणं आणि पुन्हा ऊन.

गोळे थोडे असतील तर ब्लीचच्या भानगडीत न पडता उकळा. रोपांचे बहुतेक रोगजंतू 60 ते 70 अंशांना अर्ध्या तासात मरतात, आणि उष्णता जाळीच्या आतपर्यंत पोचते. पातेलं जुनं घ्या. आमच्याकडे चहाचं मागितलं होतं, मिळालं नाही, आणि ते योग्यच झालं.

तरंगणाऱ्या गोळ्यांवर फार बोलण्यासारखं काही नाही. आत हवा कोंडलेली असते म्हणून तरंगतात. नव्या पिशवीतलेही तरंगतात.

मग फेकायचे कधीच नाहीत का? मोझॅक (विषाणूचा रोग) आलेल्या टोमॅटो-मिरचीखालचे गोळे मी परत वापरत नाही. काही विषाणू 90 अंशांपर्यंत तग धरतात. आणि फुटलेले, भुगा होणारे गोळे चाळून बाजूला काढतो. तो लाल चुरा टाकीत जाऊ देऊ नका. माझा पहिला पंप त्यानेच जाम झाला होता, आणि मी आठवडाभर पंप विकणाऱ्याला शिव्या घालत होतो.