‘लेखनातील ऊर्जा’ या प्रयोगावरील आक्षेपाबाबत

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. ‘कार्य करण्याची क्षमता’ हाच एनर्जी या शब्दाचा मूळ अर्थ असून ‘तिच्या लेखनात ऊर्जा आहे’ यासारखे प्रयोग ही भौतिकशास्त्राकडून केलेली सैल उसनवारी आहे, आणि माझ्या लेखाने तिला मोकळे रान दिले, असे आपले म्हणणे आहे. ते मला मान्य नाही, कारण उसनवारी झाली ती नेमकी उलट दिशेने.

हा शब्द ग्रीक ‘एनर्गेइया’वरून आला, त्यातील ‘एर्गॉन’ म्हणजे काम. ॲरिस्टॉटलने तो प्रत्यक्ष कार्यरत असण्याच्या अर्थी वापरला आणि अंगी असूनही अद्याप प्रकट न झालेल्या क्षमतेसाठी ‘ड्युनामिस’ हा वेगळा शब्द योजला. म्हणजे आपण ज्याला मूळ अर्थ म्हणता, तो खऱ्या मुळाच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला आहे! इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द रुळला तो भाषेतील जोर, अभिव्यक्तीतील जिवंतपणा या अर्थाने. तेव्हा आपल्याला खटकलेला प्रयोगच वयाने थोरला ठरतो. वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी आपल्या 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हे नाव दिले, आणि त्यानंतरही ते लगेच स्थिरावले नाही: जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1847 मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व मांडले, तेव्हा ज्याला आज आपण ऊर्जा म्हणतो त्यासाठी बल या अर्थाचाच जर्मन शब्द वापरला होता. पुढे 1853 मध्ये स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी ‘पोटेन्शियल एनर्जी’ (शब्दशः, सुप्त क्षमतेच्या रूपातील ऊर्जा) ही संज्ञा घडवली आणि ॲरिस्टॉटलने वेगळ्या ठेवलेल्या दोन कल्पना एका जोडशब्दात नांदू लागल्या.

आपली व्याख्याही शाळेपुरती ठीक आहे, त्यापुढे ती अपुरी पडते. समुद्राच्या पाण्यात अफाट औष्णिक ऊर्जा असते. परंतु भोवतालचे सारे काही त्याच तापमानाचे असेल, तर उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार त्या उष्णतेतून काम करून घेता येत नाही. ऊर्जा तेवढीच राहते, तिची उपयुक्तता मात्र घटते.

आपल्या आक्षेपाचा एक भाग मात्र योग्य आहे. एखादी वस्तू घरात ठेवल्याने ‘ऊर्जेची पातळी वाढते’ असा दावा कोणी विज्ञानाच्या नावाने केला, तर ती किती ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचे एकक) आणि कोणत्या उपकरणाने मोजली, हे विचारलेच पाहिजे. तेथे शब्द नव्हे, तर शास्त्राची प्रतिष्ठा उसनी घेतलेली असते. एरवी, परिभाषेची खरी हेळसांड पाहायची असेल तर ती ‘इतके किलोवॅट ऊर्जा वापरली’ अशा छापील वाक्यांत दिसेल. किलोवॅट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जा वापरण्याच्या दराचे एकक आहे. ऊर्जा मोजायची ती किलोवॅट-तासात, आणि असा एक किलोवॅट-तास म्हणजे 36 लाख ज्यूल.