सकाळी टाका, संध्याकाळी टेकआउट? चोथा खायचाय का!

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, अमेरिकेत राहत असाल तर तुमच्याकडेही दोन-तीनदा आलाच असेल. मजकूर साधारण असा: फ्रीजरमधले चिकन ब्रेस्ट तसेच्या तसे स्लो कुकरमध्ये (म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) टाका, वरून सोया सॉस, मध, केचप, लसूण, कॉर्नस्टार्च, ब्रोकोली, सगळं एकदम, लो वर आठ तास, ऑफिसातून घरी आलात की हुबेहूब चायनीज टेकआउट, म्हणजे आपलं पार्सल, तयार, तेही हेल्दी, अजिनोमोटो नाही, आणि निम्म्या पैशात.

आधीच सांगतो, मी स्लो कुकरचा दुश्मन नाही. न्यू जर्सीत राहतो, बायकोची हॉस्पिटलात बारा-बारा तासांची शिफ्ट, आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे आमचा कुकर ओट्यावरच असतो, कपाटात जातच नाही. हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मीही शहाण्यासारखं तंतोतंत तसंच केलं होतं. संध्याकाळी झाकण उघडलं तर वर तपकिरी पाण्याचं तळं, खाली पांढरे धागे, आणि ब्रोकोली कुठे गेली ते शोधावं लागलं. मुलीने एक घास घेतला आणि विचारलं, बाबा हे ट्यूना आहे का? त्या रात्री पिझ्झा मागवला.

तर एकेक मुद्दा घेऊ. पहिला फ्रोजन चिकनचा, कारण बाकीच्या चुकांनी फक्त चव जाते, हिने पोट जाईल. इथलं कृषी खातं, म्हणजे यूएसडीए, स्पष्ट सांगतं की स्लो कुकरमध्ये टाकायच्या आधी मांस पूर्ण वितळलेलं पाहिजे. कारण सोपं आहे. हा कुकर म्हणजे साधारण २००-३०० वॉटचं यंत्र, दोन-तीन जुन्या पिवळ्या बल्बांएवढी ताकद. ४ ते ६० डिग्री सेल्सियस (इथल्या भाषेत ४० ते १४० फॅरनहाइट) हा जिवाणूंचा सुगीचा काळ, आणि बर्फाचा गोळा आत टाकला की चिकन त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळत बसतं. यावर हमखास उत्तर येतं की शेवटी उकळतंच ना, मग मरतात की सगळे. जिवाणू मरतात हो, पण काही जिवाणू मरायच्या आधी जे विष सोडून जातात ते उकळूनही जात नाही. आणि "आम्ही दहा वर्षं असंच करतो, काही झालं नाही" यावर मी काय बोलणार, हेल्मेट न घालणारेही हेच सांगतात. आदल्या रात्री चिकन फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायचं, एवढंच काम आहे.

याचाच भाऊ म्हणजे स्मार्ट प्लगवाली आयडिया. सकाळी आठला कच्चं चिकन बंद कुकरमध्ये भरून ठेवायचं आणि दुपारी एकला प्लग आपोआप चालू. म्हणजे पाच तास कच्चं मांस ओट्यावर, खोलीच्या तापमानाला. दोन तासांच्या वर नाही म्हणजे नाही.

आता आठ तास. माझा खरा राग या आकड्यावर आहे. हा आकडा आला कुठून? ब्रेस्टला आठ तास लागतात म्हणून नाही, आपण आठ-नऊ तास घराबाहेर असतो म्हणून. थोडा इतिहास सांगतो, मला तो आवडतो. शिकागोत आयर्विंग नॅक्सन नावाचे एक संशोधक होते, त्यांच्या आईने लिथुआनियातल्या ज्यू घरांतल्या चोलंट नावाच्या पदार्थाची आठवण सांगितली होती. शुक्रवारी संध्याकाळी घेवडे, धान्य आणि मांस घातलेलं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत सारायचं आणि शनिवारी खायचं, कारण शनिवारी चूल पेटवायची नाही. त्यावरून त्यांनी विजेचं भांडं काढलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने ते विकत घेतलं आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणलं, नेमक्या त्या काळात जेव्हा इथल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला निघत होत्या. म्हणजे यंत्र जन्माला आलं कडधान्यासाठी आणि जून मांसासाठी, खपलं ऑफिसच्या वेळापत्रकावर, आणि मधल्या मध्ये त्यात बोनलेस ब्रेस्ट कधी घुसली कोणालाच कळलं नाही.

माझ्या मावशीचा यावरचा युक्तिवाद असा की अरे आपली आजी पाया रात्रभर चुलीवर ठेवायची, तेव्हा कुठे बिघडलं? मावशी अगदी बरोबर आहे आणि तिथेच तर फरक आहे. पायात, नळीत, खांद्याच्या मटणात चिवट कोलॅजन असतं, ते ७० डिग्रीच्या वर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, म्हणून तो रस्सा बोटांना चिकटतो. त्याला वेळ द्यावाच लागतो. कोंबडीच्या छातीत विरघळायला काही नसतंच! ७४ डिग्रीला, म्हणजे १६५ फॅरनहाइटला ती खाण्याजोगी होते, त्यानंतरचा प्रत्येक तास तिच्यातलं पाणी पिळून काढण्यात जातो. माझ्या कुकरमध्ये ब्रेस्ट लो वर अडीच-तीन तासांत होते, बोनलेस थाय (मांडी) चार ते पाच तासांत. थायमध्ये थोडं कोलॅजन आणि चरबी असते, तासभर इकडेतिकडे झाला तरी ती माफ करते. ब्रेस्ट अजिबात माफ करत नाही. तुमचा कुकर वेगळा असेल, नवे कुकर जुन्यांपेक्षा जरा जास्तच तापतात, म्हणून दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या आणि मेसेजऐवजी त्याचं ऐका.

"लो म्हणजे मंद आच, जास्त वेळ ठेवलं तरी चालतं" हाही एक गैरसमज यातच येतो. बहुतेक कुकरांत लो आणि हाय शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, उकळीच्या जरा खाली, फक्त हाय लवकर पोचतं आणि लो रमतगमत. म्हणजे आठ तासांतला शेवटचा काळ तुमचं चिकन मंद आचेवर नसतंच, ते जवळपास उकळत असतं. (आणि सारखं झाकण उघडून बघणाऱ्यांनो, मी पण त्यातलाच होतो, दर वेळी वाफ गेली की पंधरा-वीस मिनिटं वाढतात.)

मग ऑफिसचं काय? ज्याला सहा-सात तास बाहेर राहायचंय त्याने टाइमरवाला कुकर घ्यावा, जो पाच तास शिजवून स्वतःच वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्यावर, जातो. थाय वॉर्मवर दोनेक तास बरी राहते, ब्रेस्ट नाही राहत. नाहीतर घरून काम असेल त्या दिवशी दुपारी एकला लावा. मी गुरुवारी तेच करतो, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत भरून होतं.

आता "हुबेहूब टेकआउट". इथे चायनीज पार्सल म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ऑरेंज चिकन, सेसमी चिकन, जनरल त्सो. हे पदार्थ तळलेले आहेत, त्यांची अख्खी गंमत त्या कुरकुरीत आवरणात आणि त्यावर चिकटलेल्या आंबट-गोड पाकात आहे. ऑरेंज चिकन पांडा एक्सप्रेस या इथल्या चायनीज हॉटेलांच्या साखळीच्या शेफ अँडी काओंनी १९८७ मध्ये काढलं. जनरल त्सो तर पंग चांग-क्वे या हुनानी शेफने तैवानात बनवलं, सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला आणलं, आणि मूळ पदार्थात साखर नव्हती असं ते स्वतः सांगायचे. अमेरिकेने गोड केलं, आता आपण ते उकडायला निघालोय! मांसाला खरपूस तांबूस रंग आणि भाजका वास यायला साधारण १४० डिग्रीच्या पुढे जावं लागतं. स्लो कुकरमध्ये पाणी आहे, तो शंभरच्या वर जाणारच नाही, तुम्ही आठ तास ठेवा नाहीतर आठ दिवस. कढईच्या जाळाचा तो धुरकट वास तर सोडूनच द्या. खरं सांगू का, आपल्यातल्या अर्ध्या लोकांना जे टेकआउट आठवत असतं ते इथलं नाहीच, ते कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचं मांचुरियन असतं, जे नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत केलं आणि मग गल्लोगल्ली पोचलं. तेही तळलेलंच.

यावर माझा तोडगा. कुकर फक्त मऊ करायला वापरायचा, बाकी काम आगीकडे द्यायचं. थाय शिजली की झाऱ्याने उचलून ट्रेवर पसरतो, थोडा सॉस वरून फासतो आणि ओव्हनच्या ब्रॉयलरखाली, म्हणजे वरून येणाऱ्या आचेखाली, चार-पाच मिनिटं, कडा काळपट-तांबूस होऊन पाक बुडबुडायला लागेपर्यंत, आणि तिथून हलत नाही कारण मध असलेला सॉस अर्ध्या मिनिटात जळतो. कुरकुरीत होत नाही, ते मी कबूल करतो. पण चिकट, खरपूस, भातावर घालायला झकास होतं. कुरकुरीतच पाहिजे असेल तर कुकरला सुट्टी द्या आणि तळा.

"सगळं एकदम टाका" हा तर आळशीपणाचा कळस आहे, आणि मी आळशी आहे म्हणूनच सांगतो. स्लो कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, सॉस आटत नाही, उलट चिकनचं पाणी सुटून पातळ होतो, म्हणून वेगळं पाणी किंवा स्टॉक अजिबात नको. कॉर्नस्टार्च, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर, सकाळी टाकलं तर काही तळाला बसून गुठळी होतं आणि उरलेलं तासन्‌तास उष्णता आणि व्हिनेगरच्या माऱ्याने पकड सोडतं. मी चिकन ब्रॉयलरखाली असताना सॉस छोट्या पातेल्यात ओतून मोठ्या आचेवर आटवतो, शेवटी दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घालतो, दोन मिनिटांत चकाकी येते. भाजलेल्या तिळाचं तेल गॅस बंद केल्यावर, कारण त्याचा वासच तर सगळं आहे आणि तो सकाळीच उडून गेला तर उरलं काय. आलं-लसूणही थोडं सुरुवातीला, थोडं किसून शेवटी. ब्रोकोली वेगळी तीन मिनिटं वाफवा. एक पातेलं जास्त घासावं लागतं, हो.

हेल्दीचा मुद्दा. अजिनोमोटोची भीती १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रानंतर पसरली, आणि इथलं अन्न-औषध खातं, म्हणजे एफडीए, त्याला मीठ-साखरेसारखंच सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतं. शिवाय सोया सॉसमध्ये ग्लुटामेट नैसर्गिकच असतं, तेव्हा "अजिनोमोटो नाही" म्हणत अर्धा कप सोया सॉस ओतणं म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणं. खरा हिशोब मिठाचा करा. एक टेबलस्पून साध्या सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. अर्धा कप म्हणजे आठ टेबलस्पून, ७२०० मिलिग्रॅम, चौघांत वाटलं तर प्रत्येकी १८००, आणि इथे मोठ्यांसाठी दिवसभराची मर्यादा सांगतात २३००. त्यात अर्धा कप मध म्हणजे प्रत्येकी साधारण ३५ ग्रॅम साखर. तळण वाचलं, मान्य, पण याला हेल्दी कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी कमी सोडियमवाला सोया सॉस घेतो, तोही पाव कप, आणि मध दोन-तीन चमचे, आंबटपणा जरा वाढवतो म्हणजे गोड कमी आहे हे मुलांच्या लक्षात येत नाही. हॉटेलातल्याइतकं चमचमीत लागत नाही. ठीक आहे.

पैशाबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे, तिथे भांडत नाही. चौघांचं पार्सल आणि टिप धरून जे होतं त्याच्या निम्म्याहून कमीत घरी होतं, थाय ब्रेस्टपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच मिळते आणि वीज पाच तासांत जेमतेम एक-दीड युनिट.

मेसेजच्या शेवटी अजून एक ओळ असते, उरलेलं रात्रभर वॉर्मवर राहू द्या, सकाळी डब्याला होईल. नको! सकाळपर्यंत त्याचे परत धागे होतात. आणि अख्खं मातीचं भांडं उचलून फ्रीजमध्येही नको, ते जाड असतं, आतलं गार व्हायला खूप वेळ लागतो. जेवणं झाली की दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढा आणि मग फ्रीजमध्ये. परत गरम करायचं ते गॅसवर नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये, कुकरमध्ये नाही, कारण पुन्हा तेच, तो तापायला वेळ लावतो. आमच्याकडे बहुतेक वेळा तिथपर्यंत वेळच येत नाही, मुलगा शुक्रवारी सकाळी उरलेले तुकडे तसेच गार पोळीत गुंडाळून, वर कच्चा कांदा टाकून घेऊन जातो.